काटकपणाचा दाखला

मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींत खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय बाळगण्याची आवड आता चांगली रुजली आहे, आणि शहरात रुजलेली हौस कालांतराने बोरघाट चढून वरच्या बंगल्यांत येते हा लोणावळा-खंडाळ्याचा जुना अनुभव आहे. या हौसेत मोरे ईल या माशाला विशेष मान मिळतो. सर्पाकृती देह, दगडाच्या कपारीतून बाहेर डोकावणारे तोंड, दिवसभराची निश्चलता आणि रात्री अचानक येणारी गती यांमुळे पाहणारा खिळून राहतो, हे मी मान्य करतो. परंतु हा मासा विकत घेणाऱ्याला जे आश्वासन दिले जाते ते त्याच्या सौंदर्याबद्दल नसते. हा मासा काटक आहे, सहसा मरत नाही, नवशिक्यानेही निर्धास्तपणे बाळगावा, असा दाखला विक्रेता देतो, अनुभवी हौशी त्याला दुजोरा देतात, आणि घेणारा निःशंक मनाने पैसे मोजतो.

हा दाखला खोटा नाही. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र अत्यंत उथळ आहे. प्राणी काटक आहे म्हणून तो पाळण्यास योग्य आहे, हा युक्तिवाद मुळातच उलटा आहे; कारण काटकपणा म्हणजे प्रतिकूल परिस्थितीतही न मरण्याची शक्ती, आणि जो प्राणी आपल्या हलगर्जीपणाने मरत नाही तो आपली हलगर्जी दीर्घकाळ झाकून ठेवतो. म्हणून मोरे ईलाचा काटकपणा ही पाळणाऱ्याला मिळालेली सवलत समजू नये. त्यामुळे त्याची जबाबदारी वाढते. आणि जेथे पाळणारा स्वतः राहत नाही, आठवड्यातील पाच दिवस घराला कुलूप असते, तेथे हा प्राणी ठेवूच नये, असे माझे प्रतिपादन आहे. ते मावळाच्या संदर्भात मांडण्याचे कारण असे की, समुद्रापासून दूर आणि समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेल्या या भागात प्रश्नाचे खरे स्वरूप जितके उघडे पडते तितके ते किनाऱ्यावरच्या शहरात पडत नाही.

१. काटकपणा कशाचा बनलेला आहे

मोरे ईलांच्या कुळात सुमारे दोनशे जाती आहेत. घरगुती मत्स्यालयात अधिक आढळणारी जात म्हणजे स्नोफ्लेक : पांढुरक्या अंगावर काळ्या नक्षीदार डागांच्या रांगा, त्यांत पिवळे शिंतोडे, वरच्या ओठावर दोन पिवळ्या नळ्यांसारख्या नाकपुड्या, आणि खेकडे-कोळंबीची कवचे फोडण्यास योग्य असे बोथट दात. तिची लांबी बहुधा दोन-अडीच फूट होते. याच कुळातील जावा बेटाच्या नावाने ओळखली जाणारी महाकाय जात तीन मीटरांपर्यंत वाढते. पण पिल्लू असताना ही जात कोणत्याही घरात मावेल अशीच दिसते, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवलेले बरे.

या प्राण्याच्या अंगावर खवले नसतात, छातीचे आणि पोटाचे पर नसतात, आणि कल्ल्यांचे दार म्हणजे मानेवरील एक लहानसे गोल छिद्र असते. एवढ्या अरुंद वाटेने पाणी खेळवायचे तर तोंडाची सतत उघडझाप करणे त्याला भाग आहे. बघणाऱ्यांना ती उघडझाप धमकीसारखी वाटते आणि मुले मागे सरकतात. वास्तविक तो केवळ श्वास घेत असतो. ज्या प्राण्याचा साधा श्वासही आपण चुकीचा वाचतो, त्याच्या दुखण्याची चिन्हे आपण बिनचूक वाचू, असे गृहीत धरण्यास काय आधार आहे?

काटकपणाचे घटक आता एकेक तपासू. पहिला घटक उपवास. मोरे ईल अनेक दिवस, प्रसंगी काही आठवडे, अन्नावाचून राहू शकतो. तेव्हा त्याने अन्न नाकारले तरी पाळणारा अस्वस्थ होत नाही; ‘खाईल चार दिवसांनी’ असे म्हणून तो मुंबईला परततो. आणि तो उपवास नैसर्गिक आहे, की नव्या जागेच्या भीतीने आहे, की तोंडातील जखमेने आहे, हे ठरवण्याचा क्षण निसटून जातो.

दुसरा घटक दडून राहणे. इतर मासा आजारी पडला की तो कोपऱ्यात जातो, पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो, थव्यापासून अलग होतो. त्याच्या नेहमीच्या वागणुकीतील हा फरक हीच मालकाला मिळणारी पहिली सूचना. मोरे ईल निरोगी असतानाच दिवसभर कपारीत असतो. रोगट ईल आणि सुखी ईल बाहेरून सारखेच दिसतात.

तिसरा घटक दूषित पाणी सहन करण्याची शक्ती, आणि माझ्या मते तोच सर्वांत घातक आहे. मासा मांसाहारी असल्याने त्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया मोठ्या प्रमाणात सुटतो. सूक्ष्म जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट मात्र साठतच जाते आणि पाणी बदलल्याखेरीज सहसा पुरेसे कमी होत नाही. ज्या प्रमाणाला प्रवाळ कोमेजतात आणि नाजूक मासे मान टाकतात, त्या प्रमाणात ईल महिनोन्‌महिने तग धरतो.

या तिन्हींची बेरीज केली म्हणजे काय हाती येते ते पाहावे. नाजूक मासा पाळणाऱ्याला तत्काळ जाब विचारतो. चूक झाली की तो मरतो, आणि विवेकी माणूस त्यापासून धडा घेतो किंवा हा नाद सोडतो. काटक मासा जाब विचारत नाही. चूक आणि तिचा परिणाम यांच्यामध्ये तो आपल्या देहाचे अंतर घालतो, आणि ते अंतर जितके मोठे तितका चूक करणारा अधिक निर्ढावत जातो. पाच वर्षे जगलेला ईल हा उत्तम संगोपनाचा पुरावा म्हणून दाखवला जातो. त्या पाच वर्षांत त्याला काय सोसावे लागले, याचा कोणताही दस्तऐवज त्या आकड्यात नसतो.

२. आपण मासा ठेवतो की पाणी

समुद्री मत्स्यालयासंबंधी बोलताना माशाची किंमत सांगितली जाते, काचेची सांगितली जाते, दिव्यांची सांगितली जाते. पाण्याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाचशे लिटरांची टाकी भरायची म्हणजे साडेसतरा किलो समुद्री मीठ विरघळवावे लागते, आणि दर खेपेस त्यातील पाचवा हिस्सा बदलायचा म्हटले तरी शंभर लिटर शुद्ध पाणी आणि साडेतीन किलो मीठ पुन्हा हवे. नगरपालिकेच्या नळाचे पाणी थेट चालत नाही, कारण त्यात क्लोरीन असते. ते गाळून, क्षारविरहित करून मग त्यात मापून मीठ मिसळावे लागते. बाष्पीभवनाने केवळ पाणी उडते, मीठ मागे राहते; म्हणून रोज थोडे गोडे पाणी भरत राहिल्याशिवाय खारटपणा चढत जातो.

हा हिशेब लोणावळ्याच्या हवेत घालून पाहा. येथे वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्याचे तीन-चार महिने हवा इतकी दमट असते की भिंतींना ओल येते आणि टाकीतले पाणी जेमतेम उडते. तेच एप्रिल-मे महिन्यांत भराभर उडते. उन्हाळ्यातील प्रमाणाने भरणी चालू ठेवणारा माणूस पावसाळ्यात टाकी फिकी करून टाकतो. हिवाळ्यात रात्रीचा पारा बारा अंशांच्या आसपास उतरतो, आणि या माशाला तर बारमाही चोवीस ते सत्तावीस अंशांचे पाणी लागते. म्हणजे डिसेंबरात पाणी तापवणारे यंत्र आणि मे महिन्यात थंड करणारे यंत्र, अशी दुहेरी तजवीज करावी लागते.

आणि ही सारी यंत्रे विजेवर चालतात. लोणावळ्याच्या पाण्यावर मुंबईला वीज मिळाली हा या गावाचा अभिमानाचा इतिहास आहे : १९११ साली गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते टाटांच्या योजनेची कोनशिला येथे बसली, आणि १९१५ मध्ये घाटाखाली खोपोलीचे विद्युतगृह सुरू झाले. परंतु आषाढातील वाऱ्यात झाड तारेवर पडते तेव्हा बंगल्यातील पंप थांबायचा तो थांबतोच. पंप थांबला की पाण्यातील प्राणवायू घटू लागतो. गाळणीतील जे जिवाणू अमोनियाचा निचरा करतात तेही प्राणवायूवरच जगतात, आणि काही तासांनी तेच मरून सडू लागतात. वीज परत येते तेव्हा गाळणीतील ती घाण पंप टाकीभर फिरवतो. खाऱ्या पाण्याचा सामू आठच्या वर असल्याने तेथे अमोनिया गोड्या पाण्यातल्यापेक्षा अधिक विषारी ठरतो. एवढे होऊनही ईल बहुधा वाचतो! आणि शनिवारी येणाऱ्या मालकाला मंगळवारच्या रात्री काय घडले याची वार्ताही नसते.

जो मोरे ईल पाळतो तो वास्तविक समुद्राचा एक तुकडा पाळत असतो, आणि तो तुकडा स्वतःहून समुद्र राहत नाही. त्याला प्रतिदिनी समुद्र करावे लागते.

३. रोमन तळ्यांचा इतिहास

हा मासा पाळण्याची हौस आजची नाही. प्राचीन रोममधील धनिकांना तिचे वेड होते, आणि प्लिनीने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात त्याची नोंद ठेवली आहे. गायस हिरियस नावाच्या गृहस्थाने केवळ या माशांसाठी तळी बांधली आणि ज्यूलियस सीझरच्या विजयोत्सवी मेजवान्यांसाठी सहा हजार मासे विकत न देता वजनावर उसने दिले, असे प्लिनी सांगतो. अँटोनिया या राजकुलीन स्त्रीने आपल्या लाडक्या माशाला कर्णभूषणे घातली होती, असेही तो लिहितो. वेडियस पोलियो हा अपराधी गुलामांना या माशांच्या तळ्यात टाकीत असे, आणि ऑगस्टसने त्याला एकदा रोखले, ही हकीकत तर प्रसिद्धच आहे.

या लोकांना प्राण्याविषयी करुणा होती असे कोणी म्हणणार नाही, माणसाविषयीही नव्हती. तथापि त्यांची तळी समुद्रकाठच्या खडकात खोदलेली असत, त्यांना समुद्राशी जोडणारे पाट असत, पाटांच्या तोंडाशी जाळीची दारे असत, आणि भरती-ओहोटीबरोबर पाणी आपोआप पालटत असे. अफाट संपत्ती आणि गणतीबाहेर गुलाम हाताशी असूनही त्यांनी हा मासा डोंगरावर नेला नाही. समुद्राला आपल्या बागेत येऊ दिले. आपल्याकडेही १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय ऐन मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या समोर उभारले गेले, आणि ते एका सरकारी खात्याच्या देखरेखीखाली राहिले. ज्या कामाला असे स्थान आणि असा बंदोबस्त लागतो, ते काम दिवाणखान्याच्या सजावटीत बसवताना क्षणभर थांबायला हवे.

४. पालकत्वाचे मुखत्यारपत्र

आता मावळातील बंगल्याच्या व्यवस्थेकडे वळतो. मालक मुंबईत किंवा पुण्यात. बंगल्यावर एक राखणदार. तो बहुधा जवळच्याच गावचा, कष्टाळू, प्रामाणिक माणूस. त्याच्याकडे फाटक, बाग, पाण्याची टाकी, पाहुण्यांचा स्वयंपाक आणि आता हे मत्स्यालय. ‘दोन दिवसांआड दोन कोळंब्या टाकायच्या, झाकण लावायचे, बाकी काही करू नका’ एवढाच त्याला हुकूम असतो.

या हुकुमातला प्रत्येक शब्द तपासण्यासारखा आहे. नुसती कोळंबी : काही माशांत आणि कवचधारी जीवांत जीवनसत्त्व ब-१ नष्ट करणारे द्रव्य असते, आणि तेच अन्न वर्षानुवर्षे दिले तर ईलाला त्या जीवनसत्त्वाची उणीव भासते, म्हणून म्हाकूल, बांगडा, खेकडा असा पालट हवा. झाकण : मोरे ईल बोटभर फटीतून बाहेर पडतो, आणि फरशीवर वाळून मेलेला ईल हा या हौसेतला नेहमीचा अपघात आहे, तेव्हा नळी जेथून आत जाते ती खाचही बुजवावी लागते, आणि हे राखणदाराला कोणी दाखवलेले नसते. ‘बाकी काही करू नका’ : नेमके बाकीचेच तर काम आहे. खारटपणा मोजणे, तापमान पाहणे, उरलेला तुकडा कपारीतून काढणे, रात्री दिवा मालवल्यावर ईल बाहेर येतो का, कसा पोहतो, तोंडाची उघडझाप नेहमीपेक्षा वेगाने होते का, याकडे लक्ष ठेवणे. खवले नसल्यामुळे ताम्रयुक्त औषधे या माशाला सोसत नाहीत; दुसऱ्या माशासाठी आणलेली बाटली सद्हेतूने ओतणारा राखणदार त्याला मारूनही टाकील, आणि त्यात त्या बिचाऱ्याचा काडीइतका दोष नसेल.

जमिनीचा व्यवहार मुखत्यारपत्राने होतो, कारण जमीन वाट पाहते. प्राण्याचे पालकत्व मुखत्यारपत्राने देता येते ते केवळ अशा माणसाला, ज्याने ते स्वतः समजून-उमजून पत्करले आहे. ज्याला त्या प्राण्याची आवड नाही, ज्ञान दिलेले नाही, निर्णयाचा अधिकार नाही आणि प्राणी मेला तर बोलणी मात्र खावी लागणार आहेत, त्याच्यावर ते लादणे हा प्राण्यावरही अन्याय आहे आणि माणसावरही.

५. संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप असा की, मोरे ईल समुद्रातही बिळातच बसतो. मग त्याला टाकी लहान पडते असे कसे म्हणता येईल? हा आक्षेप दिवसा निरीक्षण करणाऱ्याचा आहे. २००६ साली रेदुआन बशारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबड्या समुद्रातील निरीक्षणे प्रसिद्ध केली. तेथे ग्रूपर जातीचा मासा महाकाय मोरे ईलाच्या बिळापाशी येतो, त्याच्या तोंडासमोर डोके जलद हलवून त्याला जणू पाचारण करतो, आणि मग दोघे बरोबरीने शिकारीला निघतात : ग्रूपर मोकळ्या पाण्यात, ईल कपारींच्या आत. भक्ष्याला दोन्ही वाटा बंद होतात. भिन्न जातींच्या माशांतील असे सहकार्य पूर्वी क्वचितच नोंदले गेले होते. पुढे २००७ मध्ये रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी दाखवून दिले की मोरे ईलाच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढच्या जबड्याने भक्ष्य धरले की ती मागून पुढे सरकते आणि त्याला आत ओढून नेते. अरुंद बिळात तोंड पुरेसे फाकून पाण्याबरोबर भक्ष्य शोषून घेणे शक्य नसते. त्या अडचणीवर निसर्गाने काढलेला हा तोडगा. मेहता यांच्याच नंतरच्या अभ्यासातून स्नोफ्लेक ईल पाण्याबाहेर येऊन जमिनीवरही भक्ष्य गिळू शकतो हे दिसून आले.

या शोधांचा आपल्या प्रश्नाशी संबंध काय? बिळात बसणे हा या प्राण्याच्या आयुष्याचा एक प्रहर आहे. त्यावरून सबंध आयुष्याचे माप घेणे म्हणजे झोपलेल्या माणसाकडे बोट दाखवून त्याला खाट पुरेशी आहे असे ठरवण्यासारखे आहे. चिमट्याने तोंडापाशी आणलेली मेलेली कोळंबी गिळताना तो घशातला जबडा पुढे येतो खरा, पण ज्या शोधासाठी, पाठलागासाठी आणि संगतीसाठी हा देह घडला त्यातले काहीच त्या काचेत घडत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. समुद्रात शत्रू आहेत, उपासमार आहे, जाळी आहेत. येथे निदान अन्न निश्चित आहे. यात तथ्य आहे, आणि अनुभवी माणसाच्या, सतत निगा राखलेल्या मोठ्या टाकीत ईल दीर्घायुषी होतो हेही मी नाकारीत नाही. परंतु बाजारात येणारा जवळजवळ प्रत्येक मोरे ईल समुद्रातून पकडलेला असतो. त्याची पिल्ले पारदर्शक पानांसारखी असतात आणि महिनोन्‌महिने खुल्या समुद्रात तरंगत वाढतात. ती अवस्था घरात किंवा शेततळ्यात पार पाडून त्याची व्यापारी पैदास करणे अद्याप साधलेले नाही. म्हणजे आपण ज्याला सुरक्षितता देऊ करतो त्याला प्रथम त्याच्या घरातून उचलून आणलेले असते, आणि वाटेत गेलेल्यांची गणना आपल्या हिशेबात येत नाही. फितीसारख्या निळ्या-पिवळ्या जातीचे ईल तर बंदिवासात अनेकदा अन्नाला तोंडच लावीत नाहीत आणि उपाशी मरतात. तरीही ते विकले जातात.

तिसरा आक्षेप रोखठोक आहे : आम्ही बांगडा खातो, सुरमई खातो, मग एका ईलाबद्दल एवढी कळकळ कशाला? हा आक्षेप मला प्रामाणिक वाटतो म्हणून त्याचे उत्तर टाळणार नाही. मासेमारीचे नैतिक प्रश्न स्वतंत्र आहेत आणि ते गंभीर आहेत. परंतु जो मासा आपण खातो त्याच्याशी आपण पालकत्वाचा करार केलेला नसतो. जो आपण घरी आणतो, ज्याचे पाणी, अन्न, उजेड आणि अंधार हे सारे आपल्या हाती घेतो, त्याच्याबाबत कर्तव्य उत्पन्न होते ते आपल्या त्या कृतीमुळे. ते कर्तव्य दुसऱ्या माशाच्या कालवणाने फिटत नाही.

चौथा आक्षेप मुलांच्या शिक्षणाचा. मूल समुद्री जीव जवळून पाहील, त्याचे कुतूहल जागे होईल. होईल, जर घरातील वडीलधारे माणूस रोज त्या मुलाला घेऊन खारटपणा मोजील आणि वहीत लिहून ठेवील. महिन्यातून दोन रविवार काचेवर टकटक करून जाणाऱ्या मुलाला त्यातून मिळणारे शिक्षण वेगळेच आहे : जीव विकत मिळतो, आणि त्याची उस्तवार कोणीतरी दुसरा करतो.

कायद्याचा मुद्दा मी मुद्दाम थोडक्यात घेतो, कारण या प्रश्नाचा निकाल कायद्यावर सोपवावा असे मला वाटत नाही. २००१ पासून खडक बांधणारी सर्व प्रवाळे वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. ईलाच्या कपारीसाठी आपल्या समुद्रातील प्रवाळखडक तोडून आणणे हा गुन्हा आहे. शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने २०१७ साली नियम अधिसूचित केले होते, ते पुढे मागे घेतले गेले. नियम असोत वा नसोत, पाळणाऱ्याचे कर्तव्य अधिसूचनेने जन्मत नाही.

६. वलवणचा अनुभव

एक आक्षेप मात्र लोणावळ्याच्याच भूमीतून येतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. वलवण येथे टाटांच्या वीज कंपनीने सत्तरच्या दशकात महसीर माशाचे प्रजनन केंद्र उभारले. निसर्गाभ्यासक सायक्सने १८३९ मध्ये ज्या दख्खनी महसीराचे वर्णन पुण्याच्या मुळा-मुठेतून केले, तोच हा मासा. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांच्या परिश्रमाने येथे त्याची अंडी कृत्रिम रीतीने फलित झाली, मत्स्यबीज तयार झाले आणि देशात दूरवर गेले. तेव्हा माशाला बंदिस्त ठेवणेच वाईट असेल, तर हे कार्यही वाईट ठरेल की काय?

ठरणार नाही, आणि ते का ठरणार नाही याच्या उत्तरातच माझ्या विवेचनाचे सार आहे. वलवणचा महसीर आपल्याच हवेत, आपल्याच तलावाच्या गोड्या पाण्यात होता. त्याची देखरेख रोजच्या रोज करणारी, ते ज्ञान पदरी असलेली आणि निर्णयाचा अधिकार असलेली माणसे जागेवर होती. आणि ठेवण्याचा हेतू त्या जातीची वाढ हा होता. तरीही, इतक्या जाणत्या हातांनी चाललेल्या कार्यातूनसुद्धा अनपेक्षित हानी निघाली : याच केंद्रातील बीज कावेरीत सोडले गेले, तेथे हा बाहेरचा महसीर फोफावला, आणि त्या नदीचा मूळचा कुबडाचा महसीर मागे हटत गेला, असे २०१५ मधील अभ्यासाने दाखवले. तज्ज्ञांची, संस्थेची, सद्हेतूची ही कथा. मग हौसेने घेतलेल्या आणि कुलूपबंद घरात ठेवलेल्या प्राण्याबाबत किती सावध असावे?

येथे मावळच्या आणखी एका माशाची आठवण देणे अस्थानी होणार नाही. भीमेच्या खोऱ्यात पूर्वापार आढळणारा अहीर हा मोरे ईलाचा दूरचा नातेवाईक. तो नदीत वाढतो आणि अंडी घालण्यासाठी समुद्राकडे जातो. त्याची पिल्ले समुद्रातून नदीमुखे गाठून प्रवाहाविरुद्ध वर चढतात. इंद्रायणी थेट आणि पवना मुळा-मुठेतून भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. या सबंध वाटेवर आता धरणामागून धरण उभे आहे, आणि नद्यांत मैल्याचे पाणी आहे. ईलासारख्या प्राण्याविषयी ज्याच्या मनात खरोखर ओढ उत्पन्न झाली आहे, त्याने मावळात राहून करण्यासारखे काम या नद्यांच्या काठी पडले आहे. जुन्या मासेमारांना विचारून अहीर कोठे कोठे दिसत असे, शेवटचा केव्हा दिसला, याची गावोगाव नोंद केली तरी ते मोलाचे होईल.

७. ज्यांच्या घरी ईल आहे त्यांना विनंती

जो मावळात बारा महिने स्वतः राहतो, ज्याने आधी एक-दोन वर्षे खारे पाणी ईलावाचून स्थिर ठेवून दाखवले आहे, ज्याच्याकडे विजेची पर्यायी व्यवस्था आहे आणि पूर्ण वाढीच्या ईलाला पुरेल अशी घट्ट झाकणाची टाकी आहे, त्याच्याशी माझा वाद मतभेदापुरताच आहे. आठवडाअखेरीच्या बंगल्यात मात्र मोरे ईल ठेवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांनी तो आधीच आणला आहे त्यांना एवढेच सांगणे आहे की, हा लेख वाचून घाईने त्याला सोडून देऊ नका. पवनेच्या किंवा वलवणच्या गोड्या पाण्यात तो मरेल. मुंबईच्या समुद्रात सोडला तर टाकीतील रोगजंतू आणि परका प्राणी दोन्ही समुद्राच्या माथी माराल. मत्स्यालयातून बाहेर सोडलेला सकर मासा उजनीच्या मच्छीमारांची जाळी कशी फाडतो ते त्यांना जाऊन विचारा. त्याऐवजी, जेथे तुम्ही रोज राहता त्या घरी तो हलवा. ते शक्य नसेल तर मोठी, जुनी, स्थिर टाकी असलेला जाणता पालक शोधा आणि आहार, औषधे, पाणी-बदल यांची लेखी माहिती त्याच्या हाती द्या. तोवर राखणदाराला शेजारी बसवून क्षारमापक वापरायला शिकवा, वीज गेल्यास काय करायचे ते कागदावर लिहून टाकीशेजारी लावा, आणि काही बिघडले तर रात्री-अपरात्री फोन करण्याची त्याला मोकळीक द्या.